सासऱ्यांचं कॅन्सस

अमेरिकेच्या यादवी युद्धाची झळ ज्याला प्रत्यक्ष लागली आहे असा पुण्यात एकच माणूस आहे, आणि तो आमच्या घरात, वाघोलीला, नवव्या मजल्यावर राहतो. ते माझे सासरे. ते युद्ध संपून दीडशेहून जास्त वर्षं झाली. तिकडच्या लोकांनी त्याचे पुतळे उभारले, त्यातले काही पाडूनही झाले. आमच्याकडे मात्र युद्धाला अजून तोंड लागायचं आहे, कारण बाबांचं अजून ‘ते सुरू का झालं’ हेच चालू आहे. कोण जिंकलं, कोण हरलं यात त्यांना काडीचा रस नाही. लढाया, सेनापती, घोडे हे सगळं त्यांच्या मते ‘नंतरचं’. “गोळा फुटल्यावर आवाज होणारच, त्यात बघण्यासारखं काय आहे? तो भरला कसा गेला ते बघावं,” असं ते म्हणतात. आणि तसं म्हणायचा त्यांना अधिकार आहे, कारण त्यांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली.

तपासणी हा त्यांचा स्वभावच होता. कारखान्याने फक्त पगार दिला. ‘का’ हा शब्द ते इतरांसारखा वाक्यात वापरत नाहीत, तो स्क्रूड्रायव्हरसारखा वापरतात. मिक्सर बंद पडला तर दुकानदार दुरुस्त करून देतो यावर त्यांचं समाधान होत नाही. तो बंद का पडला हे दुकानदाराला सांगता आलं नाही, तर दुरुस्त झालेला मिक्सर ते घरी आणून पुन्हा उघडतात. मग तो खरोखर कायमचा बंद पडतो, पण आता का ते त्यांना माहीत असतं. मी लग्नाआधी पहिल्यांदा त्यांच्या क्वार्टरमध्ये गेले तेव्हा सासूबाई पोहे करत होत्या आणि बाबांनी मला विचारलं, “तुम्हाला आमचा मुलगा का पसंत आहे?” मी घाबरत घाबरत तो शांत आहे, हुशार आहे, वेळेवर येतो वगैरे सांगितलं. बाबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, “हे वर्णन झालं. कारण कुठाय?” आतून सासूबाई म्हणाल्या, “अहो, तिला कारण सापडलं तर लग्न मोडेल. गप्प बसा.” लग्न झालं. कारण अजून मलाही सापडलेलं नाही.

अमेरिकेचा शिरकाव आमच्या घरात झाला तो नणंदेच्या मुलीमुळे. नणंद मिसूरी राज्यात राहते. तिची ईरा तेव्हा शाळेत होती, आणि एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिने आजोबांना सहज विचारलं की तिला गृहपाठात यादवी युद्धाचं कारण एका वाक्यात लिहायचं आहे, तर काय लिहू? वर्गात म्हणे मुलांचे तट पडले होते. कुणी म्हणत होतं गुलामगिरी, कुणी म्हणत होतं राज्यांचे हक्क, कुणी जकात. आता, बाबांना ‘का’ असा प्रश्न विचारायचा, तोही गोळ्यांबद्दल, आणि वर तीन उत्तरं उपलब्ध आहेत असं सांगायचं, म्हणजे वाघापुढे शेळी बांधून निघून जाण्यासारखं होतं. “मी बघून सांगतो,” बाबा म्हणाले. ईराने तासाभरात काहीतरी लिहून टाकलं, बाईंनी तपासलं, वर्ग पुढच्या धड्याला लागला. बाबा अजून बघताहेत.

त्यांनी सेकंडहँड पुस्तकं आणली, इंटरनेटवर जुनी भाषणं शोधली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. हळूहळू आमच्या जेवणाच्या टेबलावर कापूस पिकायला लागला. त्यांचं म्हणणं मला आता पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकण्यासारखं आहे. दक्षिणेकडे कापसाचे मळे, मळ्यांवर राबणारी गुलाम माणसं, विकत घेतलेली. उत्तरेकडे गुलामगिरी बंद झालेली, पण दक्षिणेच्या कापसावर गिरण्या मात्र मजेत चालू. आणि दोघांचा संसार एकाच देशात. “म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना सगळं दिसत होतं,” बाबा पोळी हातात तशीच धरून म्हणायचे, “पण बोलायचं नाही असं ठरलेलं. मग भांडण पेटलं कधी? तर पश्चिमेकडे नवी जमीन हाताला लागली तेव्हा! जुन्या घरात जे चालतं ते चालू दे, पण नव्या घरात चालू द्यायचं का? ते विचारायची वेळ आली आणि सगळ्यांची तोंडं उघडली.” “तुमचंही उघडा आणि तो घास घाला,” सासूबाई म्हणायच्या.

‘राज्यांचे हक्क’ या उत्तरावर त्यांचा खास राग होता. तसं म्हणणारा कुणी भेटला (आणि पुण्यात कुठल्याही विषयावर मत असलेला माणूस बसस्टॉपवरही भेटतो) की बाबा त्याला थांबवून म्हणत, “हक्क? कशाचा हक्क? वाक्य पुरं करा.” समोरचा चाचरत म्हणे, “म्हणजे आपापला कारभार करण्याचा...” “कसला कारभार? पुरं करा.” शेवटी तो माणूस ‘माणसं बाळगण्याचा’ इथपर्यंत येई, नाहीतर त्याची बस येई. देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी स्वतःच्याच तोंडाने काय कारण सांगितलं होतं ते बाबांनी वाचलं होतं, आणि ज्याने केलं तो कबूल करतोय, तरी बघणारे त्याच्या वतीने नाकारताहेत, याचं त्यांना विलक्षण कुतूहल होतं.

मंडईतला प्रसंग याच काळातला. वाघोलीत गाडीवर भाजी मिळते, पण सासूबाईंच्या मते ती भाजी नसते, तिचा फोटो असतो. म्हणून अधूनमधून आम्ही तिघं मंडईत जातो. तिथे सासूबाई मटार निवडत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बाबांना निव्वळ सभ्यतेपोटी विचारलं, “सध्या काय वाचन?” बाबांनी लगेच भाजीवालीच्या फळीवर अमेरिका मांडायला घेतली. गुलामगिरीची राज्यं म्हणजे वांगी, बिगर गुलामगिरीची म्हणजे मुळे. एक वांगं आलं की एक मुळा ठेवायचा, असा बरीच वर्षं तोल सांभाळला होता म्हणे. आणि मग त्यांनी ऐन मधोमध एक दोडका ठेवला. “हे कॅन्सस! हे वांगं का मुळा? तर म्हणे तिथल्या लोकांना मतं देऊन ठरवू द्या. किती छान वाटतं ना ऐकायला? शेजारच्या मिसूरीतनं माणसं घुसली, खोटी मतं देऊन गेली, मग बंदुका निघाल्या, घरं जळली...” भाजीवाली बराच वेळ शांतपणे बघत होती. ती म्हणाली, “आजोबा, कॅन्सस घेताय का ठेवताय?” बाबांनी कॅन्सस अर्धा किलो घेतलं.

परतीच्या रिक्षात सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. येरवड्याला त्यांनी पिशवीतला एक दोडका काढून बघितला. मग म्हणाल्या, “सगळी राज्यं मांडलीत. वांगी मांडलीत, मुळे मांडलेत. ज्यांच्यावरून एवढं भांडण, ती माणसं कुठं मांडलीत?”

बाबा बाहेर बघत राहिले. त्या संध्याकाळी दोडक्याची भाजीही त्यांनी नावं न ठेवता खाल्ली. त्यानंतर त्यांचं वाचन बदललं. नकाशे आणि कायदे बाजूला पडले आणि ते पळून गेलेल्या गुलामांनी स्वतः सांगितलेल्या हकिकती वाचायला लागले. त्याबद्दल मात्र ते जेवताना बोलत नसत. एकदाच, मी चहा द्यायला गेले तेव्हा म्हणाले, “अगं, यांच्यासाठी भांडणारेसुद्धा यांना खोलीत बोलवायच्या आधी आपसात सगळं ठरवून बसायचे.” आणि चहा थंड होऊ दिला.

आता आमच्या सोसायटीबद्दल सांगायला हवं. आमच्या तीन इमारती आहेत आणि प्रत्येकीला दोन लिफ्ट. पुढची आरशाची, ती राहणाऱ्यांसाठी. मागची पत्र्याची, ती घरकामाच्या बायका, सामान आणि कचरा यांच्यासाठी. तशी पाटीच होती. पाटी आम्ही राहायला आलो तेव्हापासून होती, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारणाऱ्या आमच्या बाबांनी तिला कधी विचारलं नव्हतं. हे मी नाही, ते स्वतःच नंतर सगळ्यांना सांगत.

त्यांना ती दिसली ती सुनंदामुळे. सुनंदा आमच्याकडे भांडी-लादीला येते. मूळची वाशीमकडची, नवरा बांधकामावर, बोलणं अजून अस्सल वऱ्हाडी. एकदा मागची लिफ्ट बंद पडली ती पडूनच राहिली. बाबा पेपर घ्यायला दार उघडतात तर सुनंदा जिन्यात गुडघा धरून बसलेली, चेहरा घामाने भिजलेला.

“अगं, चालत का आलीस?” बाबांनी विचारलं.

“मंग? मागची लिफ्ट बंद हाये ना जी.”

“पुढची चालू आहे की!”

“थे आपल्यासाठी थोडीच हाये.”

“का?”

सुनंदाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “काहून म्हंजे? पाटी हाये ना जी.”

बाबा तिला पाणी द्यायचंही विसरले. ते मी दिलं. दुपारपर्यंत ते घरात येरझाऱ्या घालत होते आणि मधूनच ‘काहून’ हा नवा शब्द चाखल्यासारखा पुटपुटत होते. त्यांच्या मते तो ‘का’पेक्षा चांगला होता, कारण तो उच्चारायला जास्त वेळ लागतो आणि समोरच्याला सुटका मिळत नाही. संध्याकाळी ते थेट अध्यक्षांकडे निघाले होते. चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत आले. “आधी तिला विचारायला हवं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सुनंदा हादरलीच. “नका बोलू जी, आजोबा. तुमी बोलसान, अन् गेटवर माहं नाव काटतीन. मंग साऱ्या घरचं काम जाईन.” गेटवरच्या मशीनमधून नाव काढलं की सोसायटीत पाऊल टाकता येत नाही, हे खरं होतं. बाबांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा कारणही होतं आणि काही करता येत नव्हतं. त्या आठवड्यात ते कुणाशी भांडले नाहीत. सासूबाईंनी त्यांचा ताप बघितला.

तेवढ्यात पश्चिमेकडच्या नव्या इमारती राहत्या झाल्या. बिल्डरने आमच्या कुंपणापलीकडे दोन उंच इमारती बांधल्या होत्या, त्या आमच्याच सोसायटीत आल्या आणि सर्वसाधारण सभेच्या विषयांमध्ये एक विषय आला: लिफ्टचा नियम नव्या इमारतींना लागू करावा का? बाबांनी तो वाचला आणि मटकन खुर्चीत बसले. “पश्चिमेला! नवी जमीन!” ते म्हणाले. मग स्वतःलाच दटावत म्हणाले, “नाही, नाही. लिफ्ट म्हणजे गुलामगिरी नव्हे. ती तुलना करणारा मूर्ख. त्या माणसांनी जे भोगलं त्यापुढे ही गोष्ट काहीच नाही. पण बोलणाऱ्यांची वाक्यं... वाक्यं कशी असतात ते ऐकू या.” सुनंदाला त्यांनी पुन्हा विचारलं. तिने बराच विचार केला. “नियमाचं बोला,” ती म्हणाली, “माहं नाव नका घेऊ.”

सभा क्लबहाउसमध्ये होती. आमचे अध्यक्ष अतिशय मृदू गृहस्थ. कुणाच्याही घरी आजारपण असलं तर गाडी काढून हजर होणारे. नवीन इमारतीतली एक तरुण मुलगी म्हणाली, “हे वेगळ्या लिफ्टचं किती ऑड वाटतं.” त्यावर आमच्या इमारतीतून स्वच्छतेचा मुद्दा आला, मग सुरक्षिततेचा, मग ‘त्यांनाच संकोच होतो’ हाही. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि तोडगा काढला: प्रत्येक इमारतीने आपापलं मतदान करून ठरवावं. लोकांनी माना डोलावल्या. बाबा उभे राहिले.

इथे मला सांगायला आवडेल की त्यांनी सभा जिंकली. तसं काही झालं नाही. त्यांनी कापसापासून सुरुवात केली. मिसूरीपर्यंत येईतो मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या, आणि कॅन्सस आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “काका, लिफ्टमध्ये या.” लोक हसले. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, “काका, मुद्दा साधा आहे. प्रत्येक इमारतीला आपला हक्क आहे.”

बाबा थांबले. “कशाचा?”

“आपला नियम ठरवण्याचा.”

“कसला नियम? वाक्य पुरं करा.”

“लिफ्टच्या वापराचा, काका.”

“कुणी वापरण्याचा? पुरं करा ना.” आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

अध्यक्षांनी सुरुवात केली, “म्हणजे, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना आपल्या लिफ्टमध्ये न...” आणि ते थांबले. ते क्रियापद त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. चांगला माणूस होता तो, म्हणूनच अडकला.

मतदान झालंच. नव्या इमारतींनी नियम घेतला नाही. जुन्या तिन्ही इमारतींत तो टिकला, आमच्या इमारतीत थोडक्या मतांनी, आणि त्या थोडक्यांत कोण कोण होतं ते ओळखायचा प्रयत्न सासूबाई अजून करतात. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पुढची लिफ्ट सोडली. मागची चालू असेल तेव्हा कचऱ्याच्या डब्यांबरोबर, बंद असेल तेव्हा जिन्याने. कुणी विचारलं तर “मी फुटून निघालोय” असं सांगत. सासूबाई सुरुवातीला वैतागल्या. मग एका सकाळी पदर खोचून पत्र्याच्या लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही एकटे गेलात तर त्या डब्यांनासुद्धा अमेरिका सांगाल,” म्हणाल्या.

हे फार दिवस चालणार नव्हतं. एका सकाळी लिफ्ट बंद असताना बाबा जिना चढता चढता मध्येच बसले. छातीत भरून आलं होतं. वर कामाला जाणारी सुनंदा त्यांच्याजवळ थांबली, त्यांना टेकवलं, आणि तिने हाका मारल्या. त्या मजल्यावर अध्यक्षांचंच घर. ते बनियनवर धावत आले, बाबांना एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने सुनंदाने, आणि सगळे पुढच्या लिफ्टसमोर आले. दार उघडलं. सुनंदा सवयीने मागे सरली. बाबांचा सगळा भार तिच्याच खांद्यावर होता, त्यामुळे तेही मागे सरले.

“अहो, आत या ना!” अध्यक्ष ओरडले. मग सुनंदाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही या, बाई. या आत.”

हृदयाचं फारसं काही निघालं नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला. अध्यक्ष रोज संध्याकाळी येऊन बसायचे. एकदा त्यांनी बाबांना विचारलं, “काका, त्या कॅन्ससचं पुढे काय झालं?” बाबांनी इतक्या आनंदाने उशी पाठीशी घेतली की मला त्यांच्या औषधांची वेळ पुढे ढकलावी लागली. पुढच्या सभेत अध्यक्षांनी स्वतःच नियम रद्द करायचा ठराव मांडला आणि या वेळी वाक्य शेवटपर्यंत, सगळ्या क्रियापदांसकट वाचलं. पाटी निघाली. सुनंदा पहिल्या दिवशी आरशाच्या लिफ्टमधून आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? “आरसा हाये ना जी,” ती म्हणाली, “नऊ मजले सोताले पाहात याव लागते. दमली दिसतो मी.”

बाबा हल्ली संध्याकाळी पश्चिमेच्या कुंपणापाशी बाकावर बसतात. तिथे गेटबाहेर पेरू विकणारा एक म्हातारा असतो. त्याच्याशी त्यांची गाठ पडली आणि बोलता बोलता कळलं की नव्या इमारती उभ्या आहेत ते रान त्याच्या वडिलांचं होतं. बाबा त्या दिवशी मला म्हणाले, “इतकी वर्षं मी विचारत होतो, नव्या जमिनीवर गुलाम न्यायचे की नाही. अगं, ती जमीन नवी कुणाला? तिथं आधीपासून माणसं राहत होती. त्यांचं तर मी काही वाचलंच नाही.” आता वाचायला घेईन म्हणतात. पण डोळे लवकर दमतात, आणि पुस्तक बहुतेक मांडीवरच असतं.

परवा मी त्यांना आणायला खाली गेले तर म्हातारा हात लांब करून दाखवत होता. “तितं आंबं व्हतं. आन् ती गाड्या लावत्यात ना, तितं इहीर. लई गोड पानी व्हतं, सायेब.” बाबा डोळ्यांवर हात धरून गाड्यांच्या रांगांकडे बघत होते, विहीर खरंच दिसत असल्यासारखे. उन्हं उतरली होती. मी “चला” म्हटलं तर ते निमूट उठले, म्हाताऱ्याने दिलेला पेरू खिशात घातला.

घरी आल्यावर पाणी मागितलं. मी टँकरचं, गाळलेलं, फिल्टरमधलं पाणी आणून दिलं. एक घोट घेऊन ते पेला हातात धरून बसले.

“गोड होतं म्हणे,” एवढंच म्हणाले.